लुटुपुटीचं प्रेम आणि अग्निशमन दलाचा जवान: अशी कादंबरी गोव्यात घडवावी का?

माटोळी (धागा)

फोंड्याला आमचा वाचनाचा छोटा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, पुस्तकावर बोलतो. या वेळी भाचीने दिलेली एक इंग्रजी प्रेमकादंबरी वाचून मी त्यांना सांगितली. त्यावरून जो वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

गोष्ट अशी. अमेरिकेतलं लहान गाव. नायिका औषधांच्या दुकानात कामाला. धाकट्या बहिणीच्या लग्नाला तिचा जुना मित्र नव्या बायकोला घेऊन येणार आहे. शेजारी अग्निशमन दलातला एक जवान राहतो. त्याचा सहकारी वर्षभरापूर्वी आगीत गेला आणि तेव्हापासून सगळा गाव त्याच्या मागे लागलाय, लग्न कर म्हणजे सावरशील. दोघं ठरवतात की तीन महिने आपलं जमलंय असं लोकांना दाखवायचं. फ्रिजवर कागद लावून पाच नियम लिहितात. पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतंच. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण अशा कादंबऱ्या ढिगाने निघतात आणि मला बोलायचंय ते या तऱ्हेच्या गोष्टीबद्दल.

ते पाच नियम मी तीनदा वाचले. हात कधी धरायचा आणि कुणासमोर. रात्री किती वाजता घरी सोडायचं. घरच्यांशी कोण बोलणार. जुन्या माणसांबद्दल काय विचारायचं नाही. आणि पाचवा: दोघांपैकी कुणालाही पुरे वाटलं तर कारण न विचारता थांबायचं. आमच्या गटात अकरा बायका आहेत. लग्नाआधी आपल्या अटी अशा तोंडाने बोलून दाखवल्या असं एकीलाही सांगता आलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा जेवणावळीपासून वाजंत्र्यांपर्यंत सगळ्याची बोलणी झाली. मला काय चालेल हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगायचं असतं हे सुचलं नाही.

म्हणून मला वाटतं, ही गोष्ट मराठीत यावी आणि गोव्यात यावी. नायक आपल्या इथल्या अग्निशमन दलाचा. नायिका गणेश चवथीला त्याच्या घरी 'ठरलेली मुलगी' म्हणून येते. त्याची आई तिच्या हातात माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीसाठी, केवणीच्या सालीचे दोर देते आणि म्हणते, बाय, सुपारीचा घड तू बांध. त्या क्षणी तिचे हात थरथरले पाहिजेत. मी लिहायला घेतलंय, तीस पानं झाली आहेत. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

पणती

ताई, मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून सांगते. मला हे अजिबात पटलेलं नाही.

दोघांनी एकमेकांना खरं सांगितलं म्हणून गोष्ट प्रामाणिक होते का? त्या आईचं काय, जिने दोर हातात दिले? माटोळी बांधायला आपण कुणालाही बसवत नाही. ती बाई त्या दिवशी मनाने सून घरात घेते. आणि समोरची मुलगी तीन महिन्यांच्या करारावर आलेली आहे. तुम्ही त्या थरथरत्या हातांवर प्रकरण संपवाल. मला मात्र पुढच्या चवथीला त्या आईने रिकाम्या माटोळीकडे बघून काय केलं ते वाचायचं असेल.

हे मी कोरडेपणाने बोलत नाही. आमच्या जवळच्या नात्यात हे झालंय. एका मुलीला घरच्यांनी आणलेलं स्थळ नको होतं. तिने ओळखीच्या मुलाला पुढे केलं आणि आमचं ठरलंय म्हणून सांगितलं. तोही बिचारा मदत म्हणून उभा राहिला. तिच्या वडिलांनी मुलाच्या घरी जाऊन नारळ ठेवला, देवळात कौल लावला. चार महिन्यांनी दोघांनी खरं सांगितलं. वडील कुणावर ओरडले नाहीत. ते देवळात जायचे बंद झाले. कौल घेताना आपण देवाकडे खोटं मागितलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. ती मुलगी आज सुखात आहे, दुसऱ्याशी लग्न झालंय. वडील गेले तोवर पायरी चढले नाहीत.

आणखी एक. गोव्यात लग्न म्हणजे मुहूर्ताच्या आधी नोंदणी कार्यालयातल्या सह्या. पहिली सही झाली की हरकतींसाठी पंधरा दिवस, मग दुसरी सही. दुसरी सही झाली की कायद्याने नवरा-बायको, मंडप उभा राहायला सहा महिने असले तरी. आणि वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक. मालमत्तेचं हे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलंय. आपल्याकडे 'ठरलं' म्हटल्यावर वडीलधारे पहिल्यांदा विचारतात, सह्या कधी? अमेरिकेतल्या गावात तीन महिने हातात हात घालून फिरता येईल. इथे तिसऱ्या आठवड्यात मामा कागद घेऊन येतो.

शिगमो

पणतीताई, तुमच्या घरची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं तुम्ही जे सांगितलंत तेच कादंबरीचं बळ आहे. सह्यांचा मुद्दा तर सोन्यासारखा आहे! खोटं टिकवायचं तर दर पायरीला काहीतरी पणाला लागलं पाहिजे. तिकडच्या कादंबऱ्यांत बहुधा लाज पणाला लागते, फार तर मन. इथे मामा कागद घेऊन आला की कायदा, घर, भाट म्हणजे माडाची बागायत, सगळंच मध्ये येतं. 'पहिली सही करायची का' या एका रात्रीवर चाळीस पानं लिहिता येतील.

मी या प्रकारची पुस्तकं खूप वाचतो आणि ते लपवत नाही. पणजीला बसने जाता-येता वाचतो. लोकांना वाटतं शेवट ठाऊक असतो म्हणून ती हलकी. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीची व्याख्या दोनच गोष्टींत केली होती: प्रेमाची गोष्ट मध्यभागी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. बाकी सगळं लेखकावर. शेवट ठाऊक असताना मी वाचतो ते कसं होणार हे बघायला. कीर्तनाला बसलेल्या माणसालाही रुक्मिणीस्वयंवराचा शेवट ठाऊक असतोच की. तरी तो उठून जात नाही.

माटोळीताई, लिहा. नक्की लिहा.

पडवी

मी इथे वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

माझे यजमान अग्निशमन दलात आहेत. बावीस वर्षं झाली. केंद्र कुठलं ते सांगत नाही. मुलीकडची अशी तीन पुस्तकं मी वाचली, शिगमोबाब म्हणतात तशी, शेवटपर्यंत. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती: जवानाच्या अंगाला धुराचा वास येतो आणि नायिकेला तो आवडतो. मी तो वास धुते. सुरुवातीची कितीतरी वर्षं घरच्या कपड्यांतच धुतला. ते ड्युटीवरून आले की मुलगी धावत जाऊन गळ्यात पडायची. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आग विझवण्याचं काम हेच कर्करोगाचं कारण म्हणून पहिल्या गटात घातलं. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्यात. जळलेल्या प्लास्टिकची, रंगाची, फोमच्या गाद्यांची काजळी कपड्यांतून अंगात जाते. तेव्हापासून आमच्याकडे बादली वेगळी, ती पडवीच्या बाहेर. ते आधी न्हाणीत जातात, मग घरात येतात. मुलगी आता मोठी झाली. पण लहानपणी गळ्यात पडायची ते आठवलं की मला टोचतं.

दुसरं. कादंबरीतला जवान एकटा आगीत धावतो. आत एकट्याने जायचं नसतं. जोडीने जातात आणि बाहेर एक माणूस पाटी घेऊन उभा असतो: कोण किती वाजता आत गेला, सिलिंडरमध्ये हवा किती होती. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा सरत आली की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की समोर कोणीही हाक मारत असो, फिरायचं. आमच्या घरच्यांनी एकदा अशी हाक मागे ठेवून पाठ फिरवली आहे. दुसरी जोडी आत गेली आणि तो माणूस वाचला. पण त्या रात्री ते पडवीतच बसून राहिले. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. त्यांनी मला तेव्हा काही सांगितलं नाही, दोन वर्षांनी सांगितलं.

आणि बहुतेक कॉल आगीचे नसतातच. जूनमध्ये पहिला जोराचा वारा सुटला की झाडं पडतात. घरावर माड, रस्त्यावर आकेशिया, तारांवर फांदी. वीज खात्याचा माणूस येऊन लाईन बंद करीपर्यंत हात लावता येत नाही आणि लोक शिव्या घालतात, नुसते उभे काय राहिलाय म्हणून. विहिरीत गाय पडते. शिमग्याच्या सुमाराला डोंगर पेटतो, काजूच्या बागा पेटतात, तिथे बंब चढत नाही. मग हिरव्या फांद्या तोडून गवत झोडपायचं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात साट्रे, चरावणे, मोर्लेच्या बाजूला डोंगर पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती आणि खाली माणसं फांद्या घेऊन उभी होती. यातला नायक कोण? छाती उघडी टाकून शिडीवर उभा राहणारा नव्हे.

म्हणून माझं मत विरोधी. आमच्या माणसांना तुमच्या गोष्टीत नुसता कपडा म्हणून वापरू नका.

माटोळी

पडवीताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल तुमचे फार आभार. मी लिहिलेल्या तीस पानांत एक वाक्य आहे: 'त्याच्या शर्टाला धुराचा वास होता आणि तिला तो हवाहवासा वाटला.' ते मी आज काढलं.

तुमची शिट्टीची गोष्ट वाचताना मला फ्रिजवरचा पाचवा नियम आठवला. कारण न विचारता थांबायचं. ज्या माणसाचं आयुष्य अशा शिट्टीवर चालतं, त्यालाच असा नियम सुचेल. इतर कोणी 'थांब' या शब्दाचा इतका मान ठेवणार नाही. मग जवान हा नुसता कपडा कसा?

पडवी

ताई, राग मानू नका. शिट्टीची उपमा करू नका. ती शिट्टी वाजते तेव्हा माणसाला दोन मुलं असतात.

रंगपीठ

वाद चांगला चाललाय, पण सगळे असं बोलताय की लुटुपुटीचं प्रेम ही परक्यांची आयात आहे. आपल्या जत्रेच्या रंगमंचावर ते शंभर वर्षांहून अधिक काळ उभं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. अर्जुन यतीचा वेष घेऊन द्वारकेत येतो, कृष्ण त्याला साथ देतो आणि बलराम स्वतः आपल्या बहिणीला त्या यतीच्या सेवेला ठेवतो. थोरल्या भावाला फसवलं, सगळ्या द्वारकेला फसवलं. गोव्यातल्या किती देवळांच्या आवारात रात्र रात्र जागून लोकांनी हे पाहिलंय! माझ्या आजीला त्यातली पदं तोंडपाठ होती. देवासमोर खोटं चालत नाही असं तिला कधी वाटलं नाही, कारण त्या खोट्याच्या पोटात कुणावर अन्याय नव्हता. उलट अन्याय टळत होता.

पणतीताईंच्या नात्यातल्या मुलीलाही नको असलेलं स्थळच टाळायचं होतं. सुभद्रेची अडचण तीच. मग सुभद्रेला टाळ्या आणि या मुलीला बोल, असं का?

पणती

रंगपीठ, 'सौभद्र' मलाही आवडतं. आमच्या गावच्या कलाकारांनी केलं तेव्हा मी विंगेत उभी राहून कपडे सांभाळले आहेत. पण तुम्ही मोठा फरक बाजूला ठेवलात. सौभद्रात प्रेम आधीपासून खरं आहे, वेष खोटा आहे. अर्जुनाला सुभद्रा हवीच आहे. या कादंबऱ्यांत वेष तोच, नाव तेच, गाव तेच, फक्त प्रेम खोटं. वेष उतरवला की अर्जुन उरतो. इथे नाटक थांबवलं की उरतं काय? ते खरं होईल की नाही हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं आणि तोवर आईच्या हातून दोर घेतलेले असतात.

आणि त्या मुलीला मी बोल लावला नाही. तिला स्थळ नाकारता आलं असतं तर तिने खोटं बोललंच नसतं, हे मला कळतं. तिच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली आणि कादंबरी त्या माणसाकडे बघत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मी सोडणार नाही.

रंगपीठ

हा फरक मान्य. मी तो नीट पाहिला नव्हता. पण यातून कादंबरी सौभद्रापेक्षा अवघड ठरते, वाईट ठरत नाही.

घाटमाथा

मी मूळचा वाळपईच्या बाजूचा. एक व्यवहाराची गोष्ट कुणीच बोललं नाही.

अमेरिकेत अग्निशमन दलातली निम्म्याहून जास्त माणसं स्वयंसेवक आहेत, विशेषतः लहान गावांत. तो जवान दिवसा सुतारकी करतो, दुकान चालवतो आणि भोंगा वाजला की धावतो. म्हणून त्या कादंबरीतल्या गावाला तो आपला वाटतो, सगळे त्याच्या लग्नाची काळजी करतात. आपल्याकडे जवान म्हणजे सरकारी नोकरी. परीक्षा, धावणं, दोर चढणं, मुलाखत, आणि यादीत नाव लागलं की गावात पेढे. ज्या दिवशी यादी लागते त्या दिवसापासून त्याला स्थळं येतात. आमच्या वाड्यावरच्या मुलाला यादी लागल्यावर महिन्याभरात पाच ठिकाणांहून विचारणा झाली. त्याआधी तीन वर्षं तो खाजगी कंपनीत होता, तेव्हा एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणजे गोव्यातल्या नायकाला लुटुपुटीची मुलगी कशाला हवी? एकटेपण झाकायला नव्हे, रांग थांबवायला. हे कारण मला जास्त खरं वाटतं. आणि त्यात दुखरी जागाही आहे. त्याला प्रत्येक स्थळाबद्दल एकच वाटणार, ही मला बघते की पगाराला? जी मुलगी लग्न करणारच नाही असं लिहून देते, तिच्याशीच तो पहिल्यांदा निर्धास्तपणे बोलू शकतो. माटोळीताई, एवढं घ्या माझ्याकडून.

माटोळी

घाटमाथा, घेतलं. हे मला सुचलं नसतं. मी त्यालाही मेलेल्या सहकाऱ्याचं दुःख दिलं होतं. ते तिकडच्या पुस्तकातून जसंच्या तसं आलं होतं.

ओहोळ

नायक जवानच का? नायिका जवान का नको? नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये पहिली विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या, त्याला दोन दशकं उलटली. शिडीवर मुलगी आणि खाली उभा राहून वाट बघणारा मुलगा, हे लिहा की. तिच्या सासूला तिने रात्रपाळी सोडावी असं वाटणार, आणि खोटा का होईना, तो तिच्या बाजूने बोलणार. खोट्या नवऱ्याने तरी बोलावं.

बार्देस

तुम्ही सगळे मनापासून लिहिताय, तरी मला हे सगळं वाचवत नाही. मी हडफड्याच्या जवळ राहतो. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या नाइट क्लबला मध्यरात्री आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यांत बहुतेक तिथे कामाला असलेली पोरं होती, लांबून पोटासाठी आलेली. कित्येक धुराने घुसमटून गेली. रस्ता इतका अरुंद की बंब लांब उभे करावे लागले. त्या रात्री सायरन ऐकून मी गच्चीवर गेलो होतो. आकाश एका बाजूला लाल होतं. सकाळी चहाच्या गाड्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

यानंतर गोव्यात आगीचा जवान आणि प्रेमाची गंमत एका पुस्तकात घालायची? मला ते सहन होणार नाही. पाच वर्षांनी कदाचित. आज नाही.

शिगमो

बार्देसबाब, तुमचं दुःख मला समजतं आणि मी वाद घालण्याच्या सुरात लिहीत नाही. पण एक सांगावंसं वाटतं. त्या आगीनंतर महिनाभर बोलणं झालं ते परवाने, मालक, दंड, अटक यांवर. होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, खांद्यावर घेऊन त्या अरुंद रस्त्याने पळत गेलेल्या माणसांवर किती बोललं गेलं? त्यांच्यातला एखादा त्या पहाटे घरी गेला असेल. त्याच्यासाठी कोणी जागं होतं का, त्याने कुणाला काय सांगितलं, हे बातमीत येत नाही. ते गोष्टीतच येऊ शकतं. प्रेमाची गोष्ट त्यासाठी हलकी आहे असं मला वाटत नाही. ज्याला कुणीतरी वाट बघणारं हवंय, त्याच्या गोष्टीसाठी तीच योग्य आहे.

बार्देस

वाट बघणारं माणूस खोटं असलं तर?

पडवी

याचं उत्तर मी देते, कारण मी खरी वाट बघणारी आहे.

आमचं लग्न बघून ठरवलेलं. पहिली दोन वर्षं मीही नाटकच केलं, माटोळीताई. कुणी विचारलं तर म्हणायचे, अभिमान वाटतो. वाटत नव्हता. भीती वाटायची, आणि रागही यायचा की ज्या स्थळाला सरकारी नोकरी म्हणून हो म्हटलं ती नोकरी ही निघाली. १४ एप्रिलला दलाचा दिवस असतो. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोटांत ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीसाठी. पहिल्या वर्षी मी यजमानांबरोबर गेले. मानवंदना झाली, बिगुल वाजला. सगळ्या बायका ताठ उभ्या होत्या. मी पण ताठ उभी राहिले. शेजारची एक वयस्कर बाई माझा हात धरून हळूच म्हणाली, पहिल्या वर्षी मलाही काही वाटलं नव्हतं, नुसती उभी राहा.

मी नुसती उभी राहिले. खरं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. गार झालेल्या त्या चहाच्या रात्रीपर्यंत झालेलं होतं, एवढं खरं.

म्हणून नाटकाला माझा विरोध नाही. मी जे म्हणाले ते कपड्याबद्दल म्हणाले आणि ते अजून म्हणते. शिडी, छाती, धुराचा वास काढा. ब्रांच, म्हणजे होजचं तोंड, धरायला दोघं लागतात, पाणी मागे ढकलतं म्हणून, ते लिहा. परतल्यावर होज पसरून वाळवावा लागतो, आणि कितीही थकलेले असले तरी पुढच्या कॉलसाठी बंब भरून ठेवावा लागतो. तिला केंद्रावर भेटायला यायचं असेल तर अशा वेळी येऊ दे, तो होज धूत असताना. तो तिच्याकडे बघणार नाही, पाच मिनिटं तरी. तिला उभं राहावं लागेल.

सांजवात

शीर्षकाबद्दल एक. 'लुटुपुटीचं' हा शब्द ठेवा. मुलं लुटुपुटीची लढाई खेळतात आणि त्यात कधी कधी खरंच लागतं. 'बनावट' म्हटलं की नोटा आठवतात.

माटोळी

सांजवात, ठेवते. ओहोळ, तुमची कल्पना चांगली आहे. पण ती दुसरी कादंबरी आहे, ती तुम्ही लिहा. मी मनापासून म्हणते.

बार्देसबाब, तुम्हाला मी पटवायला जाणार नाही. माझ्या गोष्टीत क्लबची आग नसेल. मोठी आगच नसेल. जूनमधला पडलेला माड असेल, विहिरीतली गाय असेल आणि एक डोंगर. पडवीताई, होज धुण्याचा प्रसंग मी आज रात्री लिहायला बसते. शिट्टी मी उपमा म्हणून वापरणार नाही, शब्द दिला. पण ती गोष्टीत असू द्यावी अशी विनंती आहे. ती फक्त जिथे वाजते तिथेच वाजेल.

पणतीताई, तुमच्यापाशी मी अडले. नायिका खरं सांगते तो प्रसंग मी दोघांच्या भांडणात लिहिणार होते, तिकडे तसाच असतो. दोघं रुसतात, महिनाभर भेटत नाहीत, मग तो धावत येतो. आता तो प्रसंग आईसमोर झाला पाहिजे असं वाटतंय. म्हणजे नायक घरात नसताना. माटोळी उतरवायच्या दिवशी, सुकलेली कांगलां, आंबाडे अशी फळं खाली काढताना.

पणती

तर मग आईला बोलू द्या. सुनेच्या पोरकटपणावर मायेने हसणारी आई मला नको आहे. तिला विचारू दे, तू दोर हातात घेतलास तेव्हा मनात काय होतं? आणि मुलीला लगेच उत्तर देता येऊ नये. आई माटोळी उतरवत राहील, मुलगी खाली परात धरून उभी राहील, आणि बराच वेळ फक्त फळं पडल्याचा आवाज येईल.

ते पान लिहून इथे टाका. मी वाचीन. प्रेमाचं पुढे काय झालं ते त्यानंतर बघू.